मिरची, मशीन आणि चुना

मिरचीचा पहिला तोडा झाला आणि पंधरा दिवसांत शेंडे पिवळे पडायला लागले. सिल्लोडकडची आमची जमीन काळी, भारी, खाली चुनखडी. सव्वा एकरावर मल्चिंग आणि ठिबकचा खर्च होऊन बसलेला. अशा वेळी माणूस कुणाचंही ऐकतो. मीही ऐकलं.

मोटारसायकलवर एक जण आला. पाठीवरच्या बॅगेत दोन सळ्यांचं मशीन. "दादा, माती परीक्षण मोफत आहे." सळ्या बेडमध्ये खुपसल्या आणि दोन मिनिटांत मोबाईलवर आकडे आले: लोह कमी, जस्त कमी, बोरॉन कमी, मॅग्नेशियम कमी. पानं वळलीत ती बोरॉनमुळे, असंही त्यानं सांगितलं. गडी झाडाजवळ वाकला मात्र एकदाही नाही. चार डब्यांचं किट 9,600 रुपयांना, भाव फक्त आजचा. रोख दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल ऑफिसातून येईल," आणि एक चिठ्ठी खरडून दिली.

दोनदा आळवणी केली, म्हणजे ते पाण्यात कालवून मुळाशी ओतलं. काही फरक नाही.

खरं तर उत्तर झाडावरच होतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोह कमी पडल्याचं लक्षण. मॅग्नेशियम कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी शिरांमध्ये पिवळी होतात, आणि माझी खालची पानं काळीभोर हिरवी होती. पानं होडीसारखी वर वळलेली. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला तर बारीक फुलकिडे पळताना दिसले. बोरॉन ओतून ते मरणार होते थोडेच! त्या नादात फुलकिड्यांवर फवारायचे दोन आठवडे वाया गेले आणि दुसरा तोडा निम्म्यावर आला.

मग कृषी विज्ञान केंद्रात माती दिली. सामू (पीएच) 8.3, मुक्त चुना भरपूर. लोह 3.1 पीपीएम, म्हणजे 4.5 या किमान पातळीच्या खाली. जस्त 0.9, ते 0.6 या किमान पातळीच्या वर असल्यानं पुरेसं. म्हणजे मशीनचं एक लोह तेवढं बरोबर आलं, तेही अंदाजानं. लोह-जस्त मोजायला प्रयोगशाळेत माती रसायनात हलवून अर्क काढावा लागतो, सळ्या खुपसून ते कळत नाही. त्यातही डब्यावर ईडीटीए लोह लिहिलेलं, म्हणजे ईडीटीए नावाच्या रसायनात बांधलेलं लोह. एवढ्या सामूच्या जमिनीत ते टिकत नाही, चुनखडीत पुन्हा अडकून बसतं. आळवणीला ईडीडीएचए या दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह लागतं. मी शेवटी दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडं लिंबूसत्व टाकून संध्याकाळी फवारलं. आठवड्याभरात शेंडे हिरवे झाले.

बांधापलीकडच्या चुलतभावानंही तेच किट घेतलं होतं. त्याची जमीन मुरमाड, चुनखडीचा पत्ता नाही. त्याच्या मोबाईलवर आलेले आकडे माझ्या आकड्यांशी ताडून पाहिले. दशांशासकट तेच.

आता त्या माणसाचा फोन बंद लागतो. डबे गोठ्यात पडलेत, त्यांच्यावर परवाना क्रमांक नाही, बॅच नाही. तालुका कृषी कार्यालयात तक्रार द्यायला गेलो. साहेबांनी बिल मागितलं. मी चिठ्ठी पुढे केली: 'मिरची किट, 9,600, पोहोचले.' त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "यात विकणारा कुठंय?"