अण्णांचं कानाचं मशीन: वर्षभर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी रेटिंग देऊन टाकते, घाईत असणाऱ्यांनी तेवढं वाचलं तरी चालेल. मशीनला ५ पैकी साडेतीन. ज्या ऑडिओलॉजिस्टने (ऐकणं तपासून मशीन सेट करणारी तज्ज्ञ) ते बसवून दिलं तिला ५ पैकी ५. माझं सगळं म्हणणं या दोन आकड्यांच्या फरकातच आहे. कानाचं मशीन घेताना लोक कंपनी बघतात, चॅनल (आवाजाचे वेगवेगळे सेट करता येणारे पट्टे) किती ते बघतात, डिस्काउंट किती मिळतंय ते बघतात, आणि ते कानात बसवून देणारं माणूस कसं आहे हे कोणी बघतच नाही, खरं तर निम्मा खेळ तिथेच असतो.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७६, कराडजवळ गावी असतात, सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली. पत्र्यावर हातोडा, कॉम्प्रेसर, इंजिन रेस करून बघणं, आणि त्या काळी कानाला काही लावायची पद्धतच नव्हती. त्यामुळे वयाने जेवढे कान जातात त्यापेक्षा त्यांचे जास्तच गेले. टीव्हीचा आवाज बाहेर अंगणात यायचा ते एक वेळ चालेल, पण त्यांनी पारावर जाणं बंद केलं, फोन आला की "आईशी बोल" म्हणून रिसीव्हर पुढे करायचे, आणि घरात चार माणसं बोलत असली की उठून आत जायचे. आई म्हणायची हे चिडचिडे झालेत. चिडचिडे नव्हते झाले, त्यांना कळत नव्हतं आणि दर वाक्याला "काय?" विचारायची लाज वाटत होती.

एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. म्हातारपणी ऐकू येणं सरसकट कमी होत नाही, आधी बारीक, चिरके आवाज जातात. अण्णांचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या टेस्टचा आलेख, बघितला (त्यात रेष जितकी खाली तितकं ऐकू कमी) तर डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला रेष बऱ्यापैकी वर होती आणि ४००० हर्ट्झच्या आसपास एकदम खाली, ७० डेसिबलपर्यंत घसरलेली. स्वर जाड आवाजात असतात, पण स, श, फ, थ असली व्यंजनं त्या बारीक आवाजाच्या पट्ट्यात येतात. म्हणून माणूस म्हणतो "ऐकू येतंय रे, पण कळत नाही", आणि आपल्याला वाटतं हे सोयीपुरतं ऐकतात. भाजीवाली "साठ रुपये" म्हणते तेव्हा त्यांच्या कानात "आठ" एवढंच पोचतं. तिथे ओरडून बोलून काही उपयोग नाही कारण ओरडल्यावर स्वरच मोठा होतो, स काही मोठा होत नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोललं तर मशीन नसतानासुद्धा फरक पडतो, हे आमच्या ऑडिओलॉजिस्टने आईला पहिल्याच दिवशी सांगितलं.

आता दुकानाबद्दल. आम्ही आधी एका मोठ्या शोरूममध्ये गेलो होतो, नाव लिहीत नाही. एसी, चहा, फ्री हिअरिंग टेस्ट. टेस्ट काचेच्या केबिनमध्ये होती पण दार नीट लागत नव्हतं आणि बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न आत येत होते. कानात मळ आहे का हे कोणी बघितलंसुद्धा नाही. मग तो मुलगा अण्णांच्या समोर मला म्हणाला, मॅडम आता मशीन नाही लावलं तर दोन-तीन वर्षांत डिमेन्शिया होतो (म्हणजे स्मरणशक्ती, विचारशक्ती जाते), रिसर्चमध्ये सिद्ध झालंय. अण्णांचा चेहरा पडला ते मी बघितलं. तिथून आम्ही उठलो. एका म्हाताऱ्या माणसाला असं घाबरवून मशीन विकणं मला अजिबात पटत नाही, आणि तो म्हणत होता ते रिसर्चमध्येही तसं नाहीये, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

ऐकू कमी येणं आणि डिमेन्शिया यांचा संबंध आहे हे खरं आहे. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये १९५८ पासून चालू असलेल्या म्हातारपणाच्या एका अभ्यासातल्या ६३९ लोकांची माहिती घेऊन जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. फ्रँक लिन यांनी २०११ मध्ये दाखवलं की ज्यांना थोडं कमी ऐकू येत होतं त्यांना पुढे डिमेन्शिया व्हायचा धोका साधारण दुप्पट, मध्यम असेल तर तिप्पट आणि खूपच कमी ऐकू येत असेल तर पाचपट होता. लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलच्या कमिशनने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली, ती सगळी हाताळली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा पुढे ढकलला जाऊ शकतो असा त्यांचा अंदाज आहे, आणि त्यात ऐकू कमी येणं हे सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे. पण संबंध असणं वेगळं आणि मशीन लावल्याने डिमेन्शिया टळणं वेगळं. हे दुसरं बघायला अचीव्ह नावाची ट्रायल झाली, २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाला मशीन आणि ऑडिओलॉजिस्टची पूर्ण सेवा, दुसऱ्या गटाला तब्येतीबद्दलचं मार्गदर्शन, आणि तीन वर्षं स्मरणशक्ती, विचारशक्ती तपासली. सगळे मिळून बघितलं तर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मात्र त्यातले जे लोक हृदयविकाराच्या एका जुन्या अभ्यासातून आले होते, म्हणजे वयाने थोडे जास्त, बीपी-शुगरसारखे त्रास जास्त, त्यांच्यात मशीनच्या गटातली घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. म्हणजे ज्यांना मुळात धोका जास्त त्यांना फायदा व्हायची चांगली शक्यता आहे, सगळ्यांना गॅरंटी नाही. शिवाय २०२३ मध्येच युकेच्या लाखो लोकांच्या माहितीवरचा एक मोठा पेपर आला होता की मशीन वापरणाऱ्यांना धोका वाढत नाही, न वापरणाऱ्यांना वाढतो. त्याची खूप बातमी झाली, पण माहिती हाताळताना चूक झाल्याचं निघालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी तो पेपर मागे घेतला गेला. त्यामुळे दुकानात कोणी "रिसर्च" म्हणून आकडा फेकला तर कुठला रिसर्च, हे जरूर विचारा.

आपल्याकडे हा विषय लहान नाहीये. मुंबईत देवनारला जी लोकसंख्या विज्ञान संस्था आहे तिने २०१७-१८ मध्ये देशभर ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांचा लासी नावाचा सर्व्हे केला, आणि त्याला जोडून झालेल्या अभ्यासातून अंदाज निघाला की ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे साधारण ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. प्रत्येक घरात कोणीतरी म्हातारं माणूस आहे. म्हणून म्हणते, घाबरवू नका आणि दुर्लक्षही करू नका.

मग आम्ही एका लहान क्लिनिकमध्ये गेलो, साधी जागा, बाहेर दोन बाकं. तिथल्या ऑडिओलॉजिस्टने आधी ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं, मळ निघाला, मग साउंडप्रूफ खोलीत टेस्ट. मशीन कानात घातल्यावर तिने एक केसासारखी बारीक नळी कानाच्या आत सोडली आणि पडद्याजवळ खरंच किती आवाज पोचतोय ते कॉम्प्युटरवर मोजलं. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. प्रत्येकाच्या कानाची पोकळी वेगळी असते म्हणून कंपनीच्या सेटिंगवर सोडून दिलं तर बारीक आवाज कमी पडतात. माझ्या बघण्यात तरी ही टेस्ट फार कमी ठिकाणी करतात. तुम्ही जिथे जाल तिथे फोनवरच विचारा, रिअल इअर करता का? जो "म्हणजे काय" म्हणेल तिथे जाऊ नका.

मशीन कुठलं, तर कानामागे बसणारं, बारीक वायर आणि स्पीकर कानात, दोन्ही कानांचं, रिचार्जेबल, कंपनीच्या रेंजमधलं खालून दुसरं मॉडेल. जोडी ऐंशी हजारांच्या आसपास पडली. वरचं मॉडेल दोन लाखांच्या पुढे होतं. मी तिला सरळ विचारलं, तुम्ही काय घेतलं असतं? ती म्हणाली अण्णा घरी आणि गावात असतात, मीटिंगा नाहीत, हॉटेलं नाहीत, हेच पुरे. नंतर मी वाचलं की मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स यांनी साधी आणि प्रीमियम अशी दोन्ही मशीनं वयस्कर लोकांना रोजच्या आयुष्यात वापरायला देऊन बघितली होती, तर लोकांच्या ऐकण्यात आणि समाधानात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. चॅनल वाढवून पैसे वाढवणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

वापरायला कसं आहे? पहिले काही आठवडे अवघड गेले, ते आधीच सांगून ठेवते. नळाचं पाणी, पेपरची पानं, स्वतःच्या चपलांचा आवाज, सगळं अंगावर येतं, कुकरची शिट्टी झाली की अण्णा मशीन काढून शर्टाच्या खिशात टाकायचे. मेंदूला या आवाजांची सवय गेलेली असते. तिने मुद्दाम आवाज आधी कमी ठेवला होता आणि दर भेटीत थोडा थोडा वाढवत नेला, पहिल्यांदा फक्त घरात, आईशी बोलताना, मग टीव्ही, मग बाहेर. अचीव्ह ट्रायलमध्येही सुरुवातीला ऑडिओलॉजिस्टबरोबर चार बैठका होत्या आणि नंतर दर सहा महिन्यांनी पुन्हा भेट. म्हणजे तिथे तपासली गेली ती नुसती डबी नव्हती, ही सगळी सेवा होती. जे लोक मशीन घेऊन कपाटात ठेवतात त्यांना आळशी म्हणण्याआधी त्यांना दुसऱ्यांदा कोणी बोलावलं होतं का ते विचारा.

शिट्टीचा त्रास होता. नातू गळ्यात पडला किंवा मफलर कानावर आला की कुंई करायचं. रबरी टोपी बदलून कानाच्या मापाचा मोल्ड करून घेतला, त्यानंतर जवळपास थांबलं. दुसरं म्हणजे वॅक्स फिल्टर. स्पीकरच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढी पांढरी जाळी असते, तिच्यात मळ अडकला की आवाज एकदम बसतो आणि लोक मशीन बिघडलं म्हणून दुकानात पळतात. सोबत काड्या येतात, काडीच्या एका टोकाने जुनी जाळी उचलायची आणि दुसऱ्या टोकाने नवी दाबायची. अण्णांच्या बोटांना कंप आहे म्हणून हे काम आईकडे, ती दर रविवारी खिडकीत बसून, चष्मा लावून, तांदूळ निवडल्यासारखी एकाग्र होऊन करते. याच कंपामुळे आम्ही रिचार्जेबल घेतलं, कारण ३१२ नंबरचा बटन सेल आणि त्याच्यावरचं तपकिरी स्टिकर त्यांना काढता आलंच नसतं. पण गावी रात्री लाइट जाते आणि सकाळी मशीन अर्धंच चार्ज झालेलं असतं, हा मोठा वैताग आहे. चार्जरला पॉवर बँक लावून ठेवतो आता. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायला सांगितलंय, पण चार्जिंग आणि सुकवणं एकाच रात्री कसं करायचं याचं उत्तर कंपनीच्या पुस्तिकेत नाही, आम्ही दुपारी झोपताना तासभर डबीत ठेवतो. अर्धा मार्क इथे कापला.

उरलेला एक मार्क गर्दीसाठी. लग्नाच्या हॉलमध्ये, देवळात लाउडस्पीकरवर कीर्तन चालू असताना, किंवा सगळे एकदम बोलत असताना अजूनही नीट कळत नाही. हे मशीनचं अपयश पूर्ण नाही म्हणता येणार, आतल्या कानातल्या ज्या पेशी मेल्यात त्या परत येत नाहीत, मशीन आवाज पोचवतं, कान नवा देत नाही. पण जाहिरातीत आजोबा पार्टीत हसताना दाखवतात ते चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

फायदा काय झाला ते सांगते. फोनवर आता माझ्याशी स्वतः बोलतात, ब्लूटूथने आवाज थेट कानात जातो. टीव्ही ३८ वरून १६ वर आला. संध्याकाळी पारावर जातात, परवा तर कारखान्याच्या निवडणुकीवरून कोणाशी तरी वाद घालून आले, आई वैतागली होती आणि मला मात्र फोनवर ऐकून इतकं बरं वाटलं. अचीव्हच्याच लोकांनी नंतर दाखवलं की मशीनच्या गटातल्यांचं माणसांशी असलेलं जाणं-येणं जास्त टिकून राहिलं. स्मरणशक्तीचं काय व्हायचं ते होईल, माझ्यासाठी एवढ्यावरच पैसे वसूल आहेत.

ज्यांना एवढे पैसे झेपत नाहीत त्यांच्यासाठी: केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, ६० वर्षांवरच्या कमी उत्पन्नाच्या लोकांना शिबिरात मशीन फुकट मिळतं, राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये खात्यात येतात, समाजकल्याण ऑफिसात चौकशी करा. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. शिबिरातलं मशीन मिळालं तरी ते जवळच्या ऑडिओलॉजिस्टकडे नेऊन कानाप्रमाणे सेट करून घ्या, नुसतं वाटलेलं मशीन बहुतेक पेटीतच राहतं. ऑनलाइन दोन-तीन हजारांना मिळतात ते नुसते आवाज मोठा करणारे असतात, जाड-बारीक सगळं सारखंच वाढवतात, त्याची शिफारस मी करणार नाही. खरं तर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात १५४ लोकांवर एक चांगली ट्रायल झाली होती, त्यात स्वतः निवडून लावलेल्या मशीननेही बरंच काम केलं, पण ती मशीनं खरी, चांगल्या दर्जाची होती आणि लोकांना ऐकू कमी येण्याचा त्रासही मध्यमपर्यंतचाच होता. आपल्याकडच्या ऑनलाइन डबीला तो निष्कर्ष लावता येणार नाही.

आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणं बंद झालं तर मशीनच्या दुकानात जायचं नाही, त्याच दिवशी ईएनटी डॉक्टरकडे जायचं, तिथे औषध लवकर सुरू झालं तर कान वाचायची आशा जास्त असते.

कराड-सातारा भागात कोणाला मोल्ड बनवून घ्यायचा असेल किंवा मशीन घेताना काय काय विचारायचं ते हवं असेल तर खाली लिहा, मला जमेल तसं उत्तर देईन.