स्विफ्ट का पंच? आमच्या घरातला घोळ

मारुतीची स्विफ्ट आणि टाटाची पंच, दोन्ही गाड्यांची टेस्ट ड्राइव्ह झाली. पंचचं दार पार 90 अंशात उघडतंय, गुडघेदुखीवाली आई लुगडं सावरत न वाकता सरळ आत बसली आणि तिथंच तिचं मत पडलं. ग्राउंड क्लिअरन्स 187 मिमी, म्हणजे उसाच्या पाणंदीतनं खाली घासायचं टेन्शन कमी, स्विफ्टचा 163. डिकी पण 366 लिटर विरुद्ध 265, गुळाचे रवे न्यायचे तर फरक पडतोय की. पण स्विफ्ट हलकी ओ, पन्हाळ्याच्या चढाला लय मजा आली, मायलेज कंपनी 24.8 सांगतीय (आपल्याला मिळंल तेवढं खरं), सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलला. रोज इचलकरंजी अप-डाऊन असतं तर डोळे झाकून हीच घेतली असती. माझं रनिंग कमी, शेतात जाणं जास्त, म्हणून पंच. रंग तेवढा ठरंना, बायकोला पांढरा नको.