खाडीच्या चिखलातील कृमी: पाळावा की बारकोड काढावा?

नाशिकच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीपुढे पेच आहे की, कॅपिटेला या वलयी कृमीवर प्रकल्प करताना तो प्रयोगशाळेत वाढवावा की त्याचा डीएनए बारकोड (जाती ओळखण्यासाठी वाचलेला डीएनएचा ठरावीक छोटा तुकडा) काढावा.

पाळणे स्वस्त; काचेची भांडी, चाळलेला चिखल आणि खारे पाणी पुरते. मात्र गोदावरीचे पाणी गोडे असल्याने खारे पाणी किनाऱ्यावरून कॅनमध्ये भरून आणावे लागते. बारकोडचा नमुना अल्कोहोलमध्ये बुडवला की प्रवासाची चिंता मिटते (फॉर्मालिन नको, त्याने डीएनए खराब होतो), परंतु सिक्वेन्सिंगचा (डीएनएचा क्रम वाचण्याचा) खर्च दर नमुन्यामागे वाढतो.

वेळेचे म्हणाल, तर बारकोड काही दिवसांचे काम आहे आणि पाळण्यात महिने जातात.

खरा फरक उत्तरांत आहे. १९७६ मध्ये जुडिथ आणि फ्रेडरिक ग्रासल यांनी दाखवले की, प्रदूषणाचा निदर्शक म्हणून एकच जाती मानली गेलेली कॅपिटेला कॅपिटाटा ही प्रत्यक्षात दिसायला सारख्या, पण विकरांत (एन्झाइम) आणि प्रजननात वेगळ्या अशा किमान सहा जातींचा समूह आहे. बारकोड असा छुपा भेद उघड करतो. पण मादी आपल्या राहण्याच्या नळीच्या आतील भिंतीवर अंड्यांचा थर लावून ती जपते, आणि डिंभ (अंड्यातून निघालेली अळी) किती काळ पोहतो, हे भिंगाखालीच कळते.

किती जाती आहेत एवढेच हवे असल्यास आणि निधी असल्यास बारकोड घ्यावा. जीवनचक्र हवे असल्यास पाळावे, मात्र शेवटी दोन-चार कृमी अल्कोहोलमध्ये राखून ठेवावेत.