घरपट्टीच्या बिलावर जाहिरात छापू द्यावी का?

बिलांच्या छपाईचा खर्च जाहिरातदार उचलेल, असा प्रस्ताव आला तर कुठल्याही लहान पंचायतीला तो मोहात पाडेल. गोव्यातल्या ज्या पंचांना यावर ठराव घ्यायचा आहे, त्यांनी आधी तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

पहिला पर्याय, टपाल खात्याच्या मेघदूत पोस्टकार्डासारखा. साधं कार्ड ५० पैशांना मिळायचं, मेघदूत २५ पैशांना, कारण पत्त्याच्या बाजूला जाहिरात असायची. नको असेल तर साधं घ्यायचं, आणि मेघदूत घेतलं तर बचत तुमचीच. हा व्यवहार मला चोख वाटतो. घरपट्टीचं बिल मात्र नाकारता येत नाही आणि जाहिरात छापली म्हणून पट्टीही उतरत नाही.

दुसरा पर्याय, बिलावरच जाहिरात घेणं. हे सगळ्यांत सोपं आणि माझ्या मते सगळ्यांत वाईट. बिलावर घर क्रमांक, थकबाकी, भरण्याची शेवटची तारीख असते. त्याखाली ठळक अक्षरांत ‘३१ मार्चपर्यंत बुकिंग करा’ असं आलं, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाने कुठली तारीख धरायची? आणि आपल्याकडे मोठ्या जाहिराती देणार कोण? बिल्डर, हॉटेलवाले, कॅसिनोवाले. बांधकाम परवाना देणारी तीच पंचायत! ज्या प्रकल्पाविरुद्ध गावकरी ग्रामसभेत उभे राहतात, त्याचंच नाव पंचायतीच्या शिक्क्याच्या कागदावर दिसलं, तर पंचायत निःपक्ष आहे यावर कोण विश्वास ठेवील?

तिसरा पर्याय, बिलासोबत वेगळं पत्रक. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने वाहन नोंदणीच्या नोटिशींसोबत हेच केलं. काम खासगी कंपनीकडे होतं. वाहनमालकांची माहिती जाहिरातींसाठी वापरली म्हणून खटला झाला, पण अपील कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कायद्यात बसलं तरी काही वाहनमालकांना ते खुपलं, हे पंचांनी विसरू नये.

पैशांची खरोखरच निकड असेल तर पत्रकच निवडा, पण अटींवर. नाव-पत्त्यांची यादी बाहेर जाता कामा नये. पत्रकं पंचायतीच्या माणसानेच वाटावीत. पंचायतीपुढे ज्याचा अर्ज पडून आहे, त्याची जाहिरात नको. थकबाकीच्या नोटिशीला तर कसलंच पत्रक जोडू नका. गावातल्या स्वयंसाहाय्य गटाच्या चवथीच्या फराळाचं पत्रक आलं तर कुणाची हरकत नसावी. तरीही ठराव आधी ग्रामसभेत मांडा.