जिना रंगवायची शिडी: 4×5 सरकती शिडी घ्यावी का?

रो-हाउस किंवा डुप्लेक्सचा जिना दोन मजले मिळून 6 मीटर उंच धरा. मधलं लँडिंग 1.5 मीटरवर, म्हणजे तिथून छत 4.5 मीटर. उभ्या माणसाचा ब्रश आरामात 2 मीटरपर्यंत जातो. छताच्या कडेचं कटिंग (ब्रशने कड रंगवणं) करायला पाय 2.5 मीटरवर हवेत. शिडी या आकड्यावरून निवडायची. दुकानात सांगतात ती पूर्ण उघडलेली लांबी असते, उभं राहायची उंची नव्हे.

या कामाला आमची पसंती मध्ये बिजागरी असलेल्या, दोन्ही बाजू स्वतंत्र सरकणाऱ्या 4×5 (चार भाग, प्रत्येकी पाच दांडे) अ‍ॅल्युमिनियम शिडीला. जड आहे, वळणावर फिरवायला दोघं लागतात. पण एक बाजू वरच्या पायरीवर आखूड आणि दुसरी खालच्या पायरीवर लांब करून ती जिन्यातच घोड्यासारखी, म्हणजे उलट्या V आकारात, उभी राहते. हे बाकी शिड्यांना नीट जमत नाही.

तरी माप आपोआप जुळत नाही. शिडीच्या दांड्यांत अंतर 28 सेमी, पण शिडी तिरकी असल्याने एक खाच सरकवली की उंचीत साधारण 26 सेमीचाच फरक पडतो. जिन्याची पायरी 16 सेमी उंचीची आणि खालचे पाय पाच पायऱ्या खाली असतील तर हवेत 80 सेमी, तीन खाचांत मिळतात 78. उरलेल्या 2 सेमीला 18 मिमी प्लायचा एक तुकडा खालच्या पायांखाली द्यावा. पायरी 17 सेमीची असेल तर फरक 7 सेमीवर जातो. मग चार तुकडे स्क्रूने एकत्र आवळून घ्या. तुकडा दोन्ही पायांना पुरेल इतका लांब आणि पायरीच्या रुंदीचा हवा. विटेचा तुकडा कधीच नको, वजन पडताच फुटतो. खाच बसल्याचा आवाज चारही लॉकमधून आला पाहिजे, तीनच आले तर वर चढू नका.

लँडिंगवर हीच शिडी सरळ करून भिंतीला टेकवता येते. टेकवताना पाय भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर. लँडिंग 90 सेमी खोल असेल तर टेकायची जागा 3.6 मीटरपर्यंतच. वरचे तीन दांडे सोडून उभं राहिलं तरी छत हाताशी येतं. वरच्या टोकांना जुने मोजे बांधा, नाहीतर ताज्या पुट्टीवर काळे ओरखडे उठतात.

4×3 घडीची शिडी स्वस्त आणि डिकीत मावणारी, पण तिचा एकेक भाग 90 सेमीच्या आसपास. जिन्यात बारीक जुळवणी होत नाही. सपाट लँडिंगवर ठीक. नळीत नळी जाणारी टेलिस्कोपिक शिडी घासकाम चालू असताना आणूच नये: पुट्टीची धूळ सांध्यांत बसली की ती अर्धवट अडकते.

रंगाऱ्यांची घोडा-फळी (घोड्यांच्या आधारावर आडवी टाकलेली फळी) अजूनही उत्तम, फळी नीट असेल तर. 38 मिमी जाड फळीला आधार दर 1.5 मीटरवर हवा आणि टोक आधाराबाहेर 15 सेमीपेक्षा जास्त नको, नाहीतर पाय टोकावर पडताच दुसरी बाजू उचलते.

दिव्याचा होल्डर उघडायचा असेल तर आधी एमसीबी पाडा, अ‍ॅल्युमिनियममधून वीज थेट पायापर्यंत येते. विकत घेताना तळाचे रबरी बूट सुटे मिळतात का विचारा. गुळगुळीत ग्रॅनाइटवर सगळ्यात आधी तेच झिजतात.