लावलेले रान आणि राखलेले रान

हवामानबदलावर आपल्या परीने काही करावे या इच्छेने जो आपली डोंगरउतारावरची पडीक जमीन झाडांखाली आणू पाहतो, त्याच्यासमोर आज बहुधा दोन वाटा असतात. मियावाकी पद्धतीने घनदाट रोपे लावावीत, किंवा चराई, कुऱ्हाड आणि वणवा यांपासून जमीन राखून तेथे जे उगवेल ते वाढू द्यावे. भोर तालुक्याच्या पश्चिम भागातील आमच्या तीन एकरांत मी दोन्ही करून पाहिले आहे: आठ वर्षांपूर्वी चार गुंठ्यांत रोपे लावली आणि उरलेली जमीन राखली.

लावलेल्या रानाचे श्रेय मी कमी करणार नाही. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत एका चौरस मीटरला तीन-चार रोपे बसतात, त्यामुळे आमच्या चार गुंठ्यांतच सुमारे १२०० रोपे लागली आणि तिसऱ्या वर्षी तेथे माणूस दिसेनासा झाला. शहरातला लहान भूखंड किंवा माती पार खरवडून नेलेली जागा असेल, जेथे जुने बुंधे नाहीत आणि जवळपास बियांचा स्रोतही नाही, तेथे मला तरी याहून चांगला मार्ग माहीत नाही.

माझे मन फिरले ते पाण्यावरून. पहिली दोन-तीन वर्षे रोपांना उन्हाळी पाणी द्यावेच लागते, हे मी ऐकून होतो. पण ऐकणे वेगळे आणि एप्रिलमध्ये टँकर चढावर अर्ध्यातच थांबल्यावर खालून डिझेल पंपाने पाणी चढवणे वेगळे. दर चौथ्या दिवशी हा खटाटोप असे, आणि एखादी खेप चुकली की कडेची रोपे माना टाकत. एक लिटर डिझेल जळले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाळलेल्या लाकडाचे निम्मे वजन कार्बनचे असते, असे धरून हिशेब केला, तर प्रत्येक लिटरची भरपाई करण्यासाठी झाडांना सुमारे दीड किलो लाकूड धरावे लागते. वाढत्या झाडांनी ते कर्ज यथावकाश फेडले असेल, परंतु त्या दोन उन्हाळ्यांत पंपाशेजारी उभे राहून मला तो आवाज सहन होत नसे.

त्याच सुमारास शेजारच्या शेतातले वयोवृद्ध आबा राखलेल्या बाजूला फिरायला आले. तेथे काहीच उरलेले नाही, असे मी म्हणताच त्यांनी गवतात दडलेला, वारंवार तोडून घोट्याएवढा राहिलेला ऐनाचा बुंधा शोधला आणि कोयत्याच्या टोकाने त्याची साल खरवडून आतला ओला हिरवा थर मला दाखवला. पुढच्या तासाभरात ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ असे चाळीसच्या वर बुंधे आम्ही मोजले. वर खुरटलेल्या या झाडांची मुळे अनेक वर्षांची आणि खोल असतात, म्हणूनच भर वैशाखात, थेंबभर पाणी न देता, त्यांना तांबूस पालवी फुटत होती. आज त्यांतले बरेच फुटवे माझ्या डोक्यावर गेले आहेत, आणि करवंदीच्या जाळ्यांच्या आडोशाने, बहुधा पाखरांनी आणलेल्या बियांतून, नवी रोपेही वर येत आहेत. शिवाय रोपांसाठी उकरावी लागली तशी येथे जेसीबीने माती उकरावी लागली नाही. मातीत मुरलेला कार्बनही जंगलाच्या हिशेबात मोठा असतो आणि माती उकरली की त्यातला काही हवेत सुटतो, म्हणून ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

राखण्याचे कष्ट मात्र कोणी लपवू नयेत. पहिली दोन वर्षे दाखवण्यासारखे काहीही नसते. गुरे आत येऊ नयेत म्हणून गुराख्यांशी बोलून गवत कापून नेण्याची मुभा द्यावी लागली, आणि रानमोडी हे झपाट्याने पसरणारे तण फुलोऱ्यावर येण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, मुळासकट उपटावे लागते. चराई थांबली की गवत माजते आणि वणव्याची भीती वाढते. चौथ्या वर्षी पलीकडच्या उतारावरून आलेल्या आगीत आमचा तिसरा हिस्सा जळाला. मृगानंतर बहुतेक बुंधे पुन्हा फुटले. लावलेल्या रोपांना ते जमले असते का, याविषयी मला शंका आहे.

महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी रोपे लावण्याचा संकल्प होता, म्हणून रोपांची संख्या आपल्या तोंडी बसली आहे. परंतु भारताने २०१५ मध्ये पॅरिस करारासाठी जे वचन दिले, ते २०३० पर्यंत वनांतून आणि वृक्षांतून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड अतिरिक्त साठवण्याचे आहे, आणि त्या मापाने पाहिले तर जगलेले व टिकलेले झाडच मोजले जाते. पूर्वेकडच्या कमी पावसाच्या माळरानावर जमीन असेल, तर मी म्हणेन की दोन्ही बेत सोडून द्यावेत. तेथले गवत आपल्या मुळांतून मातीत कार्बन साठवतच असते.

तुमच्या उताराची परिस्थिती वेगळी असू शकते, त्यामुळे रोपांची मागणी नोंदवण्याआधी एकदा मे महिन्यात कोयता घेऊन जावे आणि बुंधे खरवडून पाहावेत. आम्ही यंदा रोपांसाठी पैसे ठेवलेले नाहीत; ते जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी गवत काढलेली पट्टी, काढणाऱ्या चार माणसांच्या मजुरीत जातील.