आल्ड्रोवांडा घ्यावी का? जाहिरात आणि जिवंत रोप

‘डायनासोरच्या काळातली मांसाहारी पाणवनस्पती’ असं सांगून आल्ड्रोवांडा विकली जाते. त्यावर भुलू नका. चेक प्रजासत्ताकातल्या दक्षिण बोहेमियात मिळालेल्या, क्रिटेशस म्हणजे डायनासोरच्या शेवटच्या काळातल्या काळ्या ‘बियां’ना १९८४ मध्ये पॅलिओआल्ड्रोवांडा असं नाव दिलं गेलं; २०१० मध्ये पुन्हा तपासल्यावर ती कीटकांची अंडी निघाली! या वंशाच्या खऱ्या बिया इओसीन काळापासून सापडतात, म्हणजे डायनासोर संपल्यावर बऱ्याच काळाने. बाकीच्या जाती आता फक्त जीवाश्म बिया आणि परागकणांतून माहीत आहेत. जिवंत उरली ती एकटी व्हेसिक्युलोझा ही जात, बाजारात मिळते ती हीच. कास पठारावरच्या ‘दवबिंदू’ (ड्रोसेरा) या कीटकभक्षी रोपांच्याच कुळातली. घ्यायला एवढं कारण पुरे.

पैसे देण्याआधी रोप भिंगाखाली बघा, कारण हॉर्नवर्ट ही साधी पाणवनस्पती लांबून तशीच दिसते. आल्ड्रोवांडाच्या प्रत्येक पेरावर ५ ते ९ पानं चक्राकार असतात आणि पानाच्या टोकाला शिंपल्यासारखा २-३ मिलिमीटरचा सापळा, भोवती ताठ केस. हॉर्नवर्टची पानं नुसतीच दुभंगलेली असतात. मुळं नाहीत म्हणून तक्रार करू नका, या रोपाला ती नसतातच. मागचं टोक काळं पडून कुजत असेल तरी चालेल. पुढचा शेंडा हिरवा आणि घट्ट हवा.

खरी परीक्षा पाण्याची. बोअरचं किंवा नळाचं पाणी नको. पावसाचं किंवा आरओचं घ्या, पीएच ६ च्या आसपास. २०-३० लिटरचं पसरट टब, तळाशी वाळलेल्या गवताचा आणि लव्हाळ्याचा थर. तो कुजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि तो कमी पडला की नवे सापळे बारीक येतात, वाढ थांबते. खत अजिबात नको, त्यावर आधी शेवाळ पोसतं. तंतुमय शेवाळ रोपाभोवती गुंडाळलं की खेळ खलास. दिसताक्षणी चिमट्याने काढा, टबवर जाळी टाकून ऊन कमी करा. गोगलगाई आणि मासे टबात नकोतच. खाद्य म्हणून डॅफ्निया (बारीक पाणपिसवा) सोडा. सापळा सेकंदाच्या दशांशाच्या आत मिटतो, पण डासांच्या बंदोबस्तासाठी घेणार असाल तर पैसे वाया जातील. डासाची मोठी अळी त्यात मावत नाही.

एप्रिल-मेमध्ये टब सावलीत हलवा. जास्त झालेली रोपं तलावात सोडू नका. अमेरिकेत न्यू जर्सी-व्हर्जिनियात ती अशीच माणसांच्या हातून पसरली.